सूनबाईची नाकपट्टी

४ फेब्रुवारी

बिऱ्हाड लागलं एकदाचं. तबेल्याच्या वरची खोली. खाली खोगिरं ठेवायची खोली, तिला लागून घोडे. फळ्यांच्या फटींमधून चामड्याचा, गवताचा, लिदीचा वास थेट अंथरुणात येतो. भिंगरीला वाटलं मी नाक मुरडीन. म्हटलं, अगं, जन्मभर लोकांच्या फाटक्या सोफ्यांत नाक खुपसून बसले, त्यापुढे हे अत्तर आहे.

भिंगरी म्हणजे माझी नात. पाळण्यातसुद्धा एका जागी ठरायची नाही, म्हणून ते नाव मीच ठेवलं. हिची आई हिच्या लहानपणीच गेली, मग माझा मुलगाही गेला. जाताना तो मागे दोघींना ठेवून गेला, एक ही आणि एक काळं शिंगरू. त्या शिंगराची आता उंचपुरी घोडी झालीय आणि भिंगरी तिच्यावर बसून ड्रेसाज खेळते. शर्यत नाही, उड्या नाहीत. रिंगणात घोड्याने नेमून दिलेल्या पावलांनी चालायचं, तिरपं सरकायचं, जागच्या जागी पाय उचलायचे, आणि स्वाराने काही सांगितलं असं कुणाला दिसू द्यायचं नाही. पंच गुण देतात. एप्रिलमध्ये देशाचा संघ निवडणार आहेत. त्यात नाव यावं म्हणून पोरीचा जीव टांगणीला लागलाय. स्वयंपाकाला वेळ नाही, म्हणून मला आणलं.

"म्हणजे तुला आजी नको होती, स्वयंपाकीण हवी होती," म्हटलं.

"स्वयंपाकीण पगार मागते गं. आजी फुकट मिळते."

आज पहिल्यांदा घोडी रिंगणात पाहिली. मान कमानीसारखी वळलेली, हनुवटी छातीला लागलेली, नजर खाली. इतकं मोठं जनावर, पण चेहऱ्यावर केवढी मर्यादा! मी तिथल्या तिथे तिचं नाव सूनबाई ठेवलं. तोंडाला पांढरा फेस आला होता. मी घाबरले, फडकं घेऊन धावले. मास्तर हसले. "आजी, हे खुशीचं लक्षण. घोडा तोंडातलं लोखंड चघळतो, लाळ सुटते."

मास्तर म्हणजे इथले शिकवणारे. पांढरे हातमोजे, आवाज कधी चढवत नाहीत. भिंगरीला काही समजावताना तिच्या मानेवर मागून हात ठेवतात, अगदी बापासारखा. मला बरं वाटलं. पोरीला कुणीतरी वडीलधारं आहे.

११ फेब्रुवारी

मला काम मिळालं! हात नुसते लाटण्यावर राहिले असते तर गंजून गेले असते.

घोड्याच्या नाकावरून जबड्याखाली एक चामडी पट्टा बांधतात, नाकपट्टी म्हणतात तिला. मागे दुहेरी बक्कल असतं, ओढलं की आवळतं. तोंड मिटलेलं राहतं आणि घोडं वेडंवाकडं जबडा हलवत नाही. सूनबाईच्या नाकावर त्या पट्टीने केस गेले होते, खाली लालसर कातडी. मास्तरांनी दाखवलं आणि म्हणाले, "आजी, तुम्ही गाद्या शिवता म्हणे?"

गाद्या, गिरद्या, सोफे, सायकलच्या सीटा, एकदा तर दंतवैद्याची खुर्ची. कुणी शिकवलं नाही. पोट शिकवतं.

लगेच बसले. मेंढीची लोकर, तिच्यावर मऊ कातडं, आतून मेणदोऱ्याचे दोन सुयांचे टाके. कुठे गाठ टोचायला नको. अशी गुबगुबीत झाली की मलाच गालाला लावून बघावीशी वाटली. भिंगरीने ती घोडीला चढवली आणि माझा मुका घेतला. मोतद्दार शेजारीच उभा होता. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा सगळं तो बघतो, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. त्याने नाकपट्टी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत खुंटीला अडकवली. एक शब्द नाही. काही माणसांना दुसऱ्याचं कौतुक जड जातं.

२० फेब्रुवारी

सूनबाईच्या नाकावर केस परत येताहेत. मास्तर खूश. सगळ्या तबेल्यासाठी नाकपट्ट्या सांगितल्यात. पहिली तांबड्याची झाली, तो दुसऱ्या स्वाराचा घोडा. माझ्या टेबलावर लोकरच लोकर. शिंकून शिंकून बेजार, पण सुखात आहे.

१ मार्च

मोतद्दार काम सोडून गेला. रजेवरून काही वाजलं असावं. जाताना जिन्याखाली थांबून हाक मारली. मी डबा घेऊन उतरले, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं माणसाला.

"मावशी, हात चांगला आहे तुमचा," म्हणाला.

"मग तोंड का असं केलंयस?"

"चांगला आहे, हेच वाईट झालं."

डबा घेतला आणि गेला. आता ह्याला काय म्हणायचं? स्तुती की शिव्या? सूनबाईकडे मात्र जाऊन बराच वेळ तिच्या कपाळाला कपाळ लावून उभा होता, हे मी वरून पाहिलं.

६ मार्च

भिंगरी झोपेत दात खाते. करकर करकर, मला जाग येते. लहानपणी जंत झाले होते तेव्हा असंच करायची. आज खाली गेले तर सूनबाईही तेच करत होती, रिंगणात चालता चालता दातांवर दात. दोघींनाही जंताचं औषध द्यायला हवं. भिंगरीला सांगितलं तर हसली नाही. पूर्वी हसली असती.

जेवणही कमी झालंय तिचं. मास्तरांनी वजन उतरवायला सांगितलंय. अंगावर आहे काय उतरवायला? "आजी, घोडीला हलकं वाटतं," म्हणते. घोडीच्या काळजीने उपाशी राहते पोर. माया आहे तिच्यात.

१४ मार्च

सूनबाईची पहिली स्पर्धा, म्हणजे माझ्यासमोरची पहिली. रिंगणात जायच्या आधी निरीक्षक प्रत्येक घोड्याची नाकपट्टी तपासतात. नाकाच्या हाडावर पट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत असा नियम आहे, म्हणजे फार आवळलेली नाही. सूनबाईच्या पट्टीखाली निरीक्षकांची दोन बोटं लोण्यात जावीत तशी गेली. "वा, मऊ आहे," म्हणाले. मला कोण अभिमान! शेजारच्या बाईंना सांगूनही टाकलं की ही आमच्या हातची.

दुसरा नंबर आला. टाळ्या. मी पण वाजवल्या. पण सूनबाई सारखी शेपटी फटकारत होती, माशी एकही नव्हती. आणि एकदा वळताना तिच्या ओठांच्या कडेला जीभ दिसली. टोक निळं, शाई प्याल्यासारखं. भिंगरीला विचारलं तर म्हणाली, "उजेड तसा पडला असेल."

परत आल्यावर मी सफरचंदाची फोड घेऊन गेले. सूनबाईने तोंड भिंतीकडे केलं. माझ्यावर रागावलीय का? मी काय केलंय तिचं?

१९ मार्च

काय केलंय ते कळलं.

माझा एक नियम आहे. गादी शिवली की आधी आपण बसून बघायचं, मग गिऱ्हाइकाला द्यायची. नाकपट्टीवर काही बसता येत नाही, म्हणून राहून गेलं. आज मोकळा वेळ होता. सूनबाईची पट्टी खुंटीवरून काढली आणि माझ्या हाताला, कोपराच्या खाली, गुंडाळली. भिंगरी बुटांच्या टाचांना लावायचे काटे पुसत बसली होती. म्हटलं, रोज बांधतेस तशी बांध बघू.

"कशाला?"

"बांध गं. माझी शिवण कशी बसते ते बघू दे."

तिने बक्कल ओढलं. रोजची सवय, हाताने आपोआप ओढलं, मग पुन्हा एकदा ओढलं. मला आधी छान वाटलं, उबदार. मग म्हटलं, बोटं घालून बघ. दोन बोटं गेली. लोकर दबली आणि बोटं आत गेली. पट्टी तसूभर हलली नाही.

मी मूठ वळायला गेले. वळेना. बोटं पांढरी झाली, मग जांभळी. हाताला मुंग्या, मग काहीच नाही, जणू लाकूड. आणि कातडीवर म्हणाल तर ओरखडा नाही. काढल्यावर नुसतं गुलाबी, तेही पाणी लावलं तसं गेलं.

म्हणजे आधी पट्टी इतकी आवळली की कातडी सोलायची, दिसायचं, आणि निदान दिसतंय म्हणून कुणीतरी एक भोक सैल करायचं. माझ्या गादीने ते दिसणं बंद केलं. आता हवं तेवढं आवळा. वर बोटंही जातात.

"भिंगरे, रोज एवढी आवळतेस?"

ती माझ्या हाताकडे बघत होती. "घोड्याचं हाड असतं गं तिथे. माणसाच्या हातासारखं नसतं. सवय असते त्यांना."

"सवय कुणी लावली?"

ती काटे घेऊन उठून गेली. मी मुठीची उघडझाप करत बसले. अजून करंगळी बधिर आहे.

२० मार्च

सकाळी भिंगरी नसताना सूनबाईकडे गेले. गोड बोलून, गळ्याखाली खाजवून ओठ बाजूला केला. तिने विरोध केला नाही. ती कशालाच विरोध करत नाही, हेच मला आधी कौतुकाचं वाटलं होतं.

जिभेवर आडवी खाच पडलीय, लोखंडाच्या जागी, कडा पांढऱ्या पडलेल्या. गाल आतून दाढांवर घासून सोललेत. बाहेरून मऊ लोकर आणि आत हे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा असतो होय.

मर्यादा म्हटलं मी त्याला. सूनबाई म्हटलं. मेलीला मान वर करता येत नव्हती.

२१ मार्च

मास्तरांना सांगितलं, मी यापुढे शिवणार नाही, आणि शिवलेल्या परत द्या.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली. "आजी, अशा गादीच्या नाकपट्ट्या बाजारात हव्या तेवढ्या मिळतात. तुमच्या सुबक होत्या, इतकंच." मग भिंगरीच्या मानेवर हात ठेवला. "तुझ्या आजीला समजाव. निवड तोंडावर आलीय." आज मी तो हात नीट पाहिला. बोटं मानेत रुतली होती. भिंगरीची हनुवटी खाली गेली.

जेवताना भांडण झालं.

"तिची जीभ बघितलीस का?"

"निवड झाली की महिनाभर विश्रांती देणार आहेत तिला. मास्तरांनी शब्द दिलाय."

"जीभ तोवर थांबेल का?"

"तू लहानपणी माझ्या वेण्या कशा ओढून घालायचीस? मी रडायचे. सोडलंस कधी?"

"अगं ते केस होते!"

"मलाही तेव्हा जीवच गेल्यासारखं वाटायचं." ताट बाजूला सारलं. "आजी, बाबांनी तिला कशासाठी आणली होती? ह्याच्यासाठी. मी दुसरं काहीच केलं नाही गं आयुष्यात. दुसरं काही येत नाही मला."

मी ताट उचललं. भाताची तीन शितं खाल्ली असतील.

२९ मार्च

आणखी एक छोटी स्पर्धा. मी धीर करून निरीक्षकांना गाठलं. तेच ते, "मऊ आहे" म्हणणारे. चांगला माणूस वाटला, हातात चहाचा पेला, चष्मा नाकावर घसरलेला. म्हटलं, साहेब, ती गादी मी शिवलीय. तुमची बोटं लोकर दाबून आत जातात, पट्टी सैल नसतेच.

त्यांनी चहाचा घोट घेतला. "माहीत आहे, आजी."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"नियमात दोन बोटं लिहिलंय. दोन बोटं जातात. मी प्रत्येकाची पट्टी उलगडायला लागलो तर इथे एक घोडा उरायचा नाही, आणि पुढच्या वेळी मीही नसेन." मग हळूच म्हणाले, "मला घरी दोन कुत्री आहेत. फार जीव आहे माझा त्यांच्यावर."

हे कशाला सांगितलं मला? मी काय करू त्यांच्या कुत्र्यांचं?

९ एप्रिल

उद्या निवडीची स्पर्धा. जे करायचं ते आज दुपारी करून टाकलं. इथे लिहिते, बाकी कुठे बोलायची सोय नाही.

सूनबाईच्या नाकपट्टीचं बक्कल जिथे शिवलंय, ती शिवण उसवली आणि परत शिवली. पण मेणदोरा घेतला नाही. साधा सुती दोरा, तोही जुना, एकेरी टाके, लांब लांब. जबड्याने जोर केला की तुटेल असे. नाकपट्टी सुटली तरी लगाम शाबूत राहतो, लोखंड जागेवर राहतं, पोर पडायची नाही. याची मी चार वेळा खात्री केली. फक्त सूनबाईचं तोंड उघडेल, पंचांसमोर, कॅमेऱ्यांसमोर. जीभ सगळ्यांना दिसेल. मग कुणाला "माहीत आहे" म्हणून चहा पिता येणार नाही.

एवढी शिवणं शिवली, पण तुटावी म्हणून शिवलेली ही पहिली. हात ऐकत नव्हता. दर दोन टाक्यांनी आपोआप घट्ट ओढायचा. स्वतःच्या हाताला दटावत शिवलं.

नातीचं स्वप्न मोडायला बसलीय म्हातारी. खुशाल म्हणा.

१० एप्रिल

तुटली नाही.

मी कठड्याला धरून उभी होते. सूनबाई आली, तिरपी सरकली, जागच्या जागी पाय उचलले. प्रत्येक वळणावर म्हटलं, आता. आता तुटेल. तिच्या गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. लोक श्वास रोखून बघत होते. शेजारचा म्हणाला, "काय ताबा आहे हो मुलीचा!" शिवण तुटली नाही.

पहिली आली. संघात घेतली.

परत आल्यावर मी नाकपट्टी हातात घेतली. शिवण माझी नव्हती. मेणदोरा, दोन सुया, टाके बारीक, पण डावीकडे कलते. भिंगरी डावरी आहे. आठवीत असताना माझ्या मांडीला मांडी लावून शिकली होती हा टाका.

ती दारात उभी होती. अजून अंगात तो काळा कोट, छातीवर फीत.

"सकाळी बांधताना बघितलं," म्हणाली. "सुती दोरा. तू? तू सुती दोरा वापरशील?"

मी नाकपट्टी खाली ठेवली.

"सगळ्यांसमोर उघडं पाडणार होतीस मला."

"तुला नाही. तिचं तोंड उघडावं म्हणून—"

"ती आणि मी काय वेगळ्या आहोत?"

रडली असती तर जवळ घेतलं असतं. रडली नाही. दात एकमेकांवर घट्ट, जबड्याचं हाड वर आलेलं.

१३ एप्रिल

आज सुट्टी. सूनबाईला कुरणात सोडलंय. लगाम नाही, पट्टी नाही, पाठीवर कुणी नाही. बाकीचे घोडे लोळताहेत, चरताहेत. ती कुंपणापाशी उभी आहे, हनुवटी छातीला लावून. कुणीही सांगितलेलं नसताना. भिंगरीही जिन्यातून ते बघत होती. मी आलेली पाहून आत गेली.

१७ एप्रिल

उद्या संघाच्या डॉक्टरीणबाई येणार, घोडे तपासून लगेच गाडीत चढवणार. शिबिर लांब आहे, महिनोन्‌महिने. कसली विश्रांती नि कसलं काय. मास्तरांनी दिलेल्या शब्दाचं विचारलं तर भिंगरी म्हणाली, "नंतर."

संध्याकाळी तीच माझ्याजवळ येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी. माझ्या पदराशी चाळा करत म्हणाली, "आजी, उद्या तू खाली येऊ नकोस."

"का?"

"तू बोलशील म्हणून. बोललीस तर मास्तर मला पुन्हा कुठेच उभं करणार नाहीत. तसं म्हणालेत." मग म्हणाली, "आणि मीही तुझ्याशी बोलणार नाही. कधीच. आई शपथ."

तिला आई आठवतसुद्धा नाही.

माझं म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. जनावर वाचवायला जावं तर पोर जाते. पोर राखावी तर ती तरी कुठे राहिलीय? किती बारीक झालीय. मनगटं माझ्या दाभणाच्या मुठीएवढी. काय करू? ज्याला विचारावं असा एकच होता, त्यानेच हे शिंगरू आणलं आणि निघून गेला.

१८ एप्रिल

बोलले.

१९ एप्रिल

काल हात चालला नाही. आज लिहिते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत. पाय तपासले, छातीला नळी लावली. मास्तर शेजारी, हातमोजे स्वच्छ. "तोंड उत्तम," ते म्हणाले आणि बाईंनी मान डोलावली. भिंगरीने घोडीच्या तोंडाची दोरी, मोरकी, धरली होती. माझ्याकडे बघत होती. नको, नको, असं सगळं तोंडभर लिहिलेलं.

मी म्हटलं, "बाई, तोंड उघडून बघा."

मास्तर गोड हसले. "आजींचं वय झालंय. स्पर्धेची दगदग झाली."

"उघडून बघा. खोटी निघाले तर काय म्हणायचं ते म्हणा मला."

बाईंनी भिंगरीला विचारलं, "घोडी तुमची ना? बघू?"

भिंगरी हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही. मोरकीवरची तिची बोटं सैल झाली, एवढं मी पाहिलं. बाईंनी ओठ उचलला, जीभ बाहेर घेतली. वास मला तिथवर आला. त्यांची घाई एकदम संपली. 

"ही येणार नाही," म्हणाल्या. "आणखी थोडे दिवस गेले असते तर जिभेचा पुढचा भाग गेला असता."

मास्तरांनी मान वळवून म्हटलं, "तांबडा काढा."

राखीव घोडा तांबडा. त्याचे कागद कालच झाले होते. मी बाईंच्या मागे धावले, त्याचंही तोंड बघा म्हटलं. त्यांनी गाडीकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. "त्याच्यावर सही झालीय, आजी. तिथे गेल्यावर बघते." तांबडा फळीवरून चढला. त्याच्या सामानाच्या पेटीवर सगळ्यात वर माझी नाकपट्टी होती, पहिल्या ढिगातली, उत्तम लोकर. गाडी गेली.

एकीला खाली उतरवलं आणि दुसऱ्याला माझ्याच हाताने चढवलं.

मास्तरांनी जाता जाता सांगितलं, "खोली महिनाअखेर रिकामी करा. काम मात्र छान होतं तुमचं."

भिंगरी तबेल्यातल्या सूनबाईच्या खणात गेली आणि आतून कडी लावून घेतली.

२२ एप्रिल

बोलत नाही. खोलीत येते, निजते, उठते. मी हाक मारली की भिंतीकडे तोंड करते. ताट झाकून ठेवते, कधी थोडं खाल्लेलं असतं, कधी नाही. आई शपथ खरी करतेय पोर.

सूनबाईला भिजवलेला कोंडा घालतात, गवत चावता येत नाही. दिवसातून दोनदा मीठपाण्याने तोंड धुवायचं असं बाईंनी लिहून दिलंय. ते सगळं भिंगरी करते. घोडी दगडासारखी उभी राहते. बोट घाला, बोळा घाला, काही करा. डोळा हलत नाही.

२५ एप्रिल

तांबड्याची बातमी विचारायला फोन लावला. डॉक्टरीणबाई उचलत नाहीत.

कुठे जायचं ते ठरलेलं नाही. माझ्या जुन्या खोलीत माणूस मावेल, घोडी कुठे मावणार? मोतद्दाराला निरोप पाठवलाय, त्याच्या ओळखीत कुणाची रिकामी जागा, एखादं पडीक आवार. उत्तर नाही. त्याचं बोलणं मी कानाआड केलं होतं, आता कशाला उत्तर देईल?

भिंगरीच्या समोर बसून म्हटलं, शिव्या दे, ताट फेक, पण बोल. उठून गेली. बरोबर केलं की चूक ते आता मला खरंच सांगता येत नाही. आडात पडलेल्याला पाणी खोल आहे की उथळ हे कुठे कळतं?

२८ एप्रिल

बोचकी बांधत होते. खालून किंकाळी आली.

"आजी! आजी गं!"

जिना कसा उतरले मला ठाऊक नाही. गुडघा आत्ता ठणकतोय तेव्हा कळतंय. म्हटलं, संपलं, घोडीचं काहीतरी झालं. किंवा पोरीने स्वतःचं काही केलं.

भिंगरी खणात उभी होती, डावा हात उजव्याने धरून. मीठपाण्याचं भांडं उपडं. अंगठ्यातून रक्त ठिबकत होतं. आणि सूनबाई मागच्या भिंतीला लागून उभी, कान मागे टाकलेले, मान वर, ओठ फाकलेले, पिवळे दात सगळे बाहेर. अशी भेसूर दिसत होती की मी दारातच थबकले.

"चावली," भिंगरी म्हणाली. हुंदका का हसू ते मला कळेना, दोन्ही एकदम येत होतं. "मी बोळा घातला आणि ती चावली मला, आजी. कचकन."

"मग काय करणार होती, मुका घेणार होती?"

"चावली गं!" पुन्हा तेच, जसं काही मला ऐकू येत नाही. अंगठा माझ्या तोंडासमोर धरला, लहानपणी खरचटलं की धरायची तसा.  मग ती गवतात मटकन बसली आणि तोंड पुरतं उघडून रडायला लागली, बाप गेला तेव्हाही रडली नव्हती अशी, मोठ्याने, आसपासच्या खणांतले घोडे बुजावेत इतक्या मोठ्याने.

सूनबाई तिच्यावर डोळे वटारून उभी. मी दोघींच्या मधे गवतात बसले, पदर फाडला.

"दे इकडे," म्हटलं. "खोल गेलाय दात."